डोक्यावरची ओळ

कांद्याचा भाव मोबाइलवर बघणाऱ्या माणसाचा अंगठा एकदा निवांत पाहावा. बाजार समित्यांच्या दरांचा तक्ता उघडला की सगळ्यांत वर एक ओळ येते: जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. तिच्याखाली गावांमागून गावं. आपलं गाव बहुधा खालीच कुठेतरी असतं, म्हणून अंगठा पडदा वर ढकलू लागतो. येवला जातं, लासलगाव जातं, आणि त्या गर्दीत ती पहिली ओळही कुणाला न सांगता निघून जाते. मग आपलं गाव येतं आणि त्याच्यापुढे नुसते आकडे उभे असतात. तीन दर शेजारी शेजारी, तिघेही क्विंटलमागे रुपयांतच. ज्याचा कांदा चाळीत पडून आहे त्याची नजर त्यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर जाऊन बसते आणि तिथून उठायला तयार होत नाही. ज्याला तो कांदा विकत घ्यायचा आहे त्याची नजर पहिल्या आकड्यावर. सौदा मात्र व्हायचा असतो तिसऱ्याच्या आसपास, आणि तो बिचारा कडेला असल्यामुळे अर्धा पडद्याबाहेरच राहिलेला असतो.

रकान्याच्या डोक्यावरचं शीर्षक ही तशी फार मान मिळवणारी वस्तू नव्हे. तक्ता उघडायचा तो आकड्यांसाठी. शीर्षकं वाचायला म्हणून तक्ता उघडणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. ते डोळ्यांखालून एकदा जातं, आपण मनातल्या मनात ‘कळलं, कळलं’ म्हणतो आणि पुढे सरकतो. काय कळलं होतं ते आठवायची वेळ येते ती ते दिसेनासं झाल्यावर. अठराशे हा आकडा शीर्षकाखाली असतो तेव्हा तो कुणीतरी असतो, दर असतो, आवक असते, थकबाकी असते. शीर्षक गेलं की तो नुसता अठराशे. बँकेच्या उताऱ्यात तर आलेले पैसे आणि गेलेले पैसे हे दोन रकाने एकमेकांना खेटूनच उभे असतात. वरची ओळ सरकून गेली की कुठला आकडा जमा आणि कुठला नावे, हे बघणाऱ्याच्या मनःस्थितीवर ठरतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळे आकडे जमेचे वाटतात. पंचवीस तारखेनंतर तेच आकडे आपल्याकडे वसुलीला आल्यासारखे बघू लागतात.

या ओळीला जागेवर खिळवून ठेवावं, ही कल्पना संगणकावरच्या हिशेबाच्या तक्त्याइतकीच जुनी आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांचं व्हिजिकॅल्क आलं. ब्रिकलिन हार्वर्डला व्यवस्थापन शिकत असताना प्राध्यापक फळ्यावर आकड्यांची मांडणी करत, आणि त्यांतला एक बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत. त्या खडूच्या धुळीतून व्हिजिकॅल्क जन्माला आलं. त्याच्या कागदाला २५४ आडव्या ओळी आणि ६३ उभे रकाने होते. दाखवायचा होता तो ॲपल टूच्या पडद्यावर, जिथे चोवीस ओळी मावत आणि एका ओळीत चाळीस अक्षरं. कागद एवढा आणि खिडकी तेवढीशी, म्हणून त्यात पहिल्यापासूनच शीर्षकं धरून ठेवायची एक आज्ञा होती. ती दिली की यंत्र विचारी: आडवी, उभी, दोन्ही, की कुठलीच नाही? काय जागेवर ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं, हे इतक्या थोडक्यात आणि इतक्या अदबीनं विचारणारं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही. लग्न ठरवणाऱ्या मध्यस्थांनीसुद्धा पाठ करावा असा तो प्रश्न आहे. पुढे एक्सेलनं २००७ च्या आवृत्तीत एका पानात १०,४८,५७६ ओळींची सोय केली. पहिल्या ओळीनं उरलेल्या १०,४८,५७५ ओळींची ओळख करून देत उभं राहायचं, तेही कुणी मुद्दाम सांगितलं तरच. कुणी सांगितलं नाही तर तीही सगळ्यांबरोबर निघून जाते.

कागदालाही ही अडचण होती, पण कागद ती अंगानं सोडवी. हजेरीच्या किंवा गुणांच्या काही वह्यांत मधली पानं बाहेरच्या कडेनं दोन बोटं अरुंद कापलेली असत. नावं एकदाच, मोठ्या पानाच्या कडेला लिहायची. पुढची पानं उलटत गेलं तरी नावांची पट्टी शेजारी उघडीच राही. ज्या कुणाला ही युक्ती प्रथम सुचली त्याच्या हाती फक्त कात्री होती, आणि त्यानं जे केलं ते मोबाइलवरच्या कितीतरी ॲपांना अजून जमलेलं नाही. आमच्या शाळेत तशी वही नव्हती. बाईंकडे एक लांबरुंद कॅटलॉग आणि लाकडी फूटपट्टी होती. डाव्या हाताचं बोट वर एकवीस तारखेवर, उजव्या हातातली पट्टी नावाखाली, आणि दोन्हींच्या काटकोनात हजर की गैरहजर ते टिपायचं. दोन्ही हात आणि दोन्ही डोळे असे कामाला लागल्यावर वर्गाकडे बघायला बाईंकडे काहीच शिल्लक राहत नसे. त्या वेळात वर्गानं जे काही केलं त्याचा इतिहास अजून लिहिला जायचा आहे.

सरकारी नमुन्यांनी वेगळीच वाट काढली. प्रत्येक लांबलचक शीर्षकाखाली एक क्रमांक छापायचा, आणि पुढच्या पानांवर शीर्षक गाळून नुसता क्रमांक ठेवायचा. मुरलेल्या कारकुनाला तेवढं पुरे. ‘नऊ रिकामा का?’ एवढंच विचारलं जाई आणि समोरच्याला नवात काय असतं ते ठाऊक असे. शीर्षकं कागदावरून निघून माणसांच्या डोक्यांत जाऊन बसलेली असत. माणूस निवृत्त झाला की ती त्याच्याबरोबर घरी जात, आणि नव्याला ती शिकायला दोन-तीन वर्षं लागत. फक्त शेवटच्या रकान्याला कशाचीच गरज नसे. तो शेऱ्याचा. तो सर्वांत रुंद आणि बहुधा रिकामा असतो, आणि त्यात कुणी काही लिहिलंच तर वाचल्याबरोबर कळतं की हा शेरा आहे.

खरं म्हणजे डोक्यावरच्या ओळीला एवढं महत्त्व असावं याचं आपल्याला नवल वाटायला नको. मोडी लिहिणारे आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जात. डोक्यावरची ओळ आधी, मजकूर मागाहून. काय लिहायचं ते ठरलेलं असो नसो, रेघ तयार असे.

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत गेल्या खेपेला सचिवांनी हिशेबाचा तक्ता वाहनतळातल्या भिंतीवर प्रोजेक्टरनं दाखवला. सदनिका, देखभाल, सिंकिंग फंड, पाणी, वाहनतळ, आगाऊ जमा, थकबाकी. पहिला मजला नीट पार पडला. दुसऱ्या मजल्याच्या सुमारास वरची ओळ भिंतीवरून उतरून गेली, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष सामोशांकडे होतं. चौथ्या मजल्यावर ४०३ पुढे सहा हजार दोनशे असा आकडा आला आणि ४०३ चे काका शांतपणे म्हणाले, “ते माझे आगाऊ आहेत.”

“काका, ती थकबाकी आहे.”

“वर जाऊन दाखवा.”

सचिव वर गेले. शीर्षकं आली, ४०३ गेला. “बघा, थकबाकी सातवा रकाना.” सचिव खाली आले. ४०३ आला, शीर्षकं गेली. “सातवा इकडून की तिकडून?” काकांनी विचारलं. “आणि सदनिकेचा नंबर धरून की सोडून?” मग सभेनं मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. मागच्या रांगेचा आठवा आला तेव्हा पुढच्या रांगेचा सहावा चालू होता. मधले दोन रकाने लपवून ठेवलेले आहेत, अशी एक नवीच माहिती तिसऱ्या मजल्यावरून पुढे आली. शेवटी दुसऱ्या मजल्यावरची कॉलेजात जाणारी मुलगी उठली, तिनं लॅपटॉपवर काहीतरी दाबलं, आणि वरची ओळ भिंतीच्या माथ्याला चिकटून राहिली. खालचे मजले तिच्याखालून ये-जा करू लागले. थकबाकीच होती. “हे आधी केलं असतंत तर मी बोललोच नसतो,” काका म्हणाले, आणि ते खरंही होतं. पण तो घोळ चालू होता तेवढा वेळ ते संपूर्ण संस्थेतले एकमेव आगाऊ भरणारे सभासद होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जी एक प्रसन्न तटस्थता होती ती शीर्षक स्थिर झाल्यावर कुठे गेली ते काही कळलं नाही.

मुलीला जे दोन कळांत जमलं ते वेबपानांना जमायला फार काळ लागला. एचटीएमएलच्या १९९७ च्या चौथ्या आवृत्तीत तक्त्याचं डोकं, धड आणि पाय वेगळे मांडायची सोय होती, आणि डोकं जागेवर ठेवून नुसतं धड सरकवता यावं हा हेतूही नियमावलीत स्वच्छ लिहिलेला होता. बहुतेक ब्राउझरांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. म्हणून मग प्रोग्रॅमर मंडळींनी तोतया उभा करायचा मार्ग पत्करला: खऱ्या शीर्षकाची हुबेहूब प्रत करायची, ती पडद्याच्या माथ्यावर बसवायची, आणि खरं शीर्षक निमूटपणे वर निघून गेलं तरी बघणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला तेव्हा पुण्यात चौकशा कराव्या लागल्या. इथे तेवढी तसदी नव्हती. तोतयाच्या रकान्यांच्या रेघा खालच्या रेघांशी एक-दोन पिक्सेलनं चुकत, आणि तेवढ्यावरून ओळख पटे.

मग सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत, चिकटून राहायची खरी सोय आली. तीही सुखासुखी नाही. क्रोमनं ती प्रायोगिक म्हणून घेतली, २०१४ साली काढून टाकली आणि जानेवारी २०१७ मध्ये परत आणली. तेव्हाही तक्त्याचं सबंध डोकं धरून ठेवणं त्याला जमत नव्हतं. २०२१ पर्यंत प्रत्येक खणाला वेगवेगळं सांगावं लागे की बाबा, तू थांब, तूही थांब. त्यात एक गंमत अशी, की शीर्षक ज्या चौकटीत आहे तिच्या वरच्या, त्याच्याही वरच्या कुठल्यातरी चौकटीला ‘बाहेर सांडलेलं लपव’ असं सांगून ठेवलेलं असलं, की खालचं शीर्षक काही केल्या थांबत नाही. दोष पणजोबांचा आणि दुपार वाया जाते ती नातवंडांकडे बघत. ते थांबलं तरी त्याला मागचा रंग द्यायला विसरून चालत नाही. नाहीतर खालचे आकडे त्याच्या अक्षरांतून आरपार जाताना दिसतात आणि ‘थकबाकी’च्या पोटातून एकामागून एक सदनिका निघू लागतात. आणि खणांच्या सामाईक रेघा एकत्र जोडलेल्या असल्या तर शीर्षक थांबतं, पण त्याच्या रेघा यादीबरोबर निघून जातात. त्या मूळच्या तक्त्याच्या.

मला यात सगळ्यांत मजेचं वाटतं ते निराळंच. आपण म्हणतो शीर्षक स्थिर आहे आणि यादी सरकते आहे. प्रत्यक्षात पानाच्या हिशेबानं यादी आहे तिथेच असते; चारशे तीन आपल्या जागी, चारशे चार आपल्या जागी. आपण खाली खाली जात असतो, आणि तेवढं ते शीर्षकच काय ते आपल्याबरोबर धावत असतं, प्रत्येक क्षणी नव्यानं काढलं जाऊन, दम न लागल्याचं सोंग करत. ज्याला आपण जागचं हलत नाही म्हणून नावाजतो, सगळ्यांत जास्त अंतर चालून झालेलं असतं ते त्याचं. घरात अशी एक-दोन माणसं असतात. त्यांना कधीच कुठे जायचं नसतं, आणि संध्याकाळी पाय मात्र त्यांचेच सुजलेले असतात.

स्थिर राहायचंही एक माप असतं. मोबाइलच्या पडद्यावर काही ॲपांत वर ॲपचं नाव, त्याखाली शोधायची पट्टी, त्याखाली तारखांची पट्टी, त्याखाली तीन ओळींची शीर्षकं, असं सगळंच खिळवलेलं असतं आणि खरी यादी तळाशी दोन ओळींच्या फटीतून वाहत असते. लग्नपत्रिकेत कुलदैवतं, आजोबा-पणजोबा, आणि ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली झाल्यावर नवरदेवाला जेवढी जागा उरते तेवढीच. शीर्षक एका ओळीचं असावं आणि बारीक असावं, असं माझं मत आहे. जे कायम दिसणार आहे त्यानं आवाज कमी ठेवावा.

फोनमधल्या नावांच्या यादीत मात्र हे कुणीतरी फार समजुतीनं केलेलं आहे. आयफोनमध्ये अक्षराचं शीर्षक वर थांबतं, त्या अक्षराची सगळी माणसं त्याच्याखालून जातात, आणि पुढचं अक्षर आलं की ते आधीच्याला खालून हलकेच वर लोटतं. क्षणभर दोघं एकमेकांना टेकलेली दिसतात. मग पहिलं जातं. आवाज न करता. कुणाचा तरी फोन लावायचा सोडून मी ते वर-खाली करत बसतो.

आमच्या आजीच्या शेवटच्या वर्षांत तिच्या मनातली यादी तशीच होती, फक्त शीर्षकं निघून गेली होती. आकडे एकूण एक ठाम. दुपारी कधीतरी ती एकदम म्हणायची, “सव्वादोन रुपये.”

“कशाचे गं?”

“कशाचे म्हणजे? सव्वादोन.”

मग घरभर शीर्षकाचा शोध सुरू व्हायचा. आत्या म्हणे, पाटल्यांच्या दुरुस्तीचे असतील, सोनारानं तेवढेच घेतले होते. वडील म्हणत, छे, त्यांच्या परीक्षेच्या फीचे. त्या वेळी ती फी भरायला आजीनं डब्यातले पैसे काढले होते. माझ्या काकांचं म्हणणं, ते त्यांच्या पहिल्या चपलांचे. प्रत्येकानं आणलेलं शीर्षक स्वतःच्या रकान्यातलं होतं, आणि सव्वादोन रुपये ते आपल्याखालीच ओढून घेऊ बघत होते. आजी सगळ्यांना हो म्हणायची. पाटल्यांना हो, फीला हो, चपलांना हो. तिला बहुधा आकडा बिनचूक असल्याशी मतलब होता. तो कुणाच्या नावावर टाकायचा ते तिनं आम्हा मंडळींवर सोडून दिलं होतं, आणि त्यामुळे तेच सव्वादोन रुपये तिच्या तिन्ही मुलांना पुरून उरले.

एक्सेलमध्ये वरच्या ओळी खिळवता येतात, डावीकडचे रकाने खिळवता येतात. तळाची ओळ खिळवता येत नाही. म्हणजे एकूण बेरीज, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तीच सगळ्यांत दूर आणि सगळ्यांत सुटी. चोपड्या लिहिणारे पानाच्या शेवटची बेरीज पुढच्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’ म्हणून चढवत, म्हणजे ती हाताशी राही. आता जाणती मंडळी आणखी पुढे गेली आहेत: ती बेरीज शीर्षकाच्या शेजारी, अगदी वर मांडतात आणि तिथेच खिळवून टाकतात. आमच्या सचिवांनी यंदा तसंच केलं. भिंतीवर सर्वांत आधी संस्थेची एकूण थकबाकी झळकली, तिच्याखाली शीर्षकं, आणि मग तळमजल्यापासून सदनिका. ४०३ च्या काकांनी चष्मा पुसून तो आकडा दोनदा वाचला.

“म्हणजे आधी निकाल आणि मग पेपर,” ते म्हणाले. “मग आता खाली कशाला जाताय? चहा सांगा.”